भीमा ओलांडताना

कोरेगाव भीमाचा जयस्तंभ कोरेगाव भीमाच्या शिवारात नाही. पुण्याहून नगरकडे निघाले की वाघोली आणि लोणीकंद मागे पडतात, पेरणे फाटा येतो आणि नदीच्या अलीकडेच रस्त्यालगत तो दगडी स्तंभ उभा दिसतो. ही जमीन हवेली तालुक्यातल्या पेरणे गावची. पूल ओलांडल्यावर शिरूर तालुका सुरू होतो आणि कोरेगाव भीमा लागते. १ जानेवारी १८१८ ची लढाई झाली ती त्या पलीकडच्या गावात, त्याच्या गल्ल्यांत आणि घरांच्या आडोशाने. स्तंभ एका गावात, लढाई दुसऱ्या गावात, मध्ये नदी आणि तालुक्याची शीव. तरीही लोकांच्या बोलण्यात दोन्ही काठ मिळून एकच ठिकाण आहे, कारण इथे खरी खूण गावाची नाही, ओलांडणीची आहे. रस्ता नदी पार करतो ती ही जागा, आणि तिचा सगळा इतिहास त्या ओलांडणीतून जन्मला आहे.

पुणे ते नगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हा रस्ता सुमारे १२० किलोमीटरचा. त्याच्या काठाने आगाखान पॅलेस, वाघोलीची जाधवरावांची स्थळे, तुळापूर आणि वढू, जयस्तंभ, रांजणगावचा महागणपती, शिरूरची जुनी छावणी आणि नगरचा भुईकोट किल्ला अशी मोठमोठी नावे येतात. पण यातली प्रत्येक जागा आपण वेगळी काढून ठेवली आहे. महागणपतीला भाविक जातात, जयस्तंभाला आंबेडकरी जनता जाते, वढू-तुळापूरला शंभूभक्त जातात, आगाखान पॅलेसला शाळेच्या सहली जातात आणि शिरूरच्या छावणीकडे सहसा कोणी जात नाही. प्रत्येकाची जागा ठरलेली, दिवस ठरलेला, आणि मधला रस्ता म्हणजे नुसता प्रवासाचा वेळ. या लेखाचे म्हणणे असे की हा मधला रस्ताच खरा दस्तऐवज आहे. त्यावरच्या खुणा एकेकट्या पाहिल्या तर अर्धवट बोलतात, कधी एकमेकींशी भांडतातही. रस्त्याच्या क्रमाने वाचल्या तर त्या एकमेकींच्या साक्षीदार होतात. हा रस्ता आता मुळापासून बदलू घातला आहे, म्हणून तो वाचण्याची निकड आजची आहे.

उतार, मजल आणि छावणी

पूल नव्हते तेव्हा रस्ता ठरत असे तो नदीच्या उतारावरून. जिथे पाणी पसरट, तळ टणक आणि काठ चढण्याजोगा, तिथे गाडे आणि घोडी पार होत. पुण्याहून नगरला जाणाऱ्याला आधी मुळा-मुठा, मग भीमा, पुढे घोड अशा नद्या पार कराव्या लागत आणि शेवटी सीनेकाठी नगर येई. या वाटेचा लष्करी इतिहास पाहिला तर तो याच पाण्यांजवळ साचलेला दिसतो. येरवड्याची लढाई १६ नोव्हेंबर १८१७ रोजी मुळा-मुठेजवळ झाली, कोरेगावची भीमेवर झाली आणि इंग्रजांची छावणी घोडेच्या काठी बसली. शिरूरला आजही 'घोडनदी' म्हणतात. गावाला नदीचे नाव चिकटावे इतके त्या ओलांडणीचे महत्त्व होते.

त्याआधीही भीमेच्या या पट्ट्यावर मोठी सत्ता येऊन थांबली होती. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला पकडले गेलेले छत्रपती संभाजी महाराज बहादूरगडावर औरंगजेबापुढे आणले गेले. नंतर बादशाही छावणी भीमेकाठी कोरेगाव-तुळापूरच्या परिसरात आली आणि ११ मार्च १६८९ रोजी इथेच त्यांना ठार मारण्यात आले. तुळापूरला भीमा, भामा आणि इंद्रायणी एकत्र येतात. तिथून जवळच वढू बुद्रुकला महाराजांची समाधी आहे. एवढा भाग बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक असतो. पण त्याचे दुसरे टोक पाहायला याच रस्त्याच्या नगरकडच्या टोकापर्यंत जावे लागते. संभाजी महाराजांना मारल्याने मराठी राज्य संपेल या हिशेबाने दख्खनेत राहिलेला औरंगजेब पुढची अठरा वर्षे लढतच राहिला आणि १७०७ मध्ये नगरजवळ भिंगारला मरण पावला. भीमेकाठचा हिशेब चुकला होता, हे सीनेकाठी कळले. तुळापूर आणि भिंगार अशी दोन नावे एका वाटेवर शेजारी ठेवली की मराठ्यांचे स्वातंत्र्ययुद्ध सुरुवातीपासून शेवटापर्यंत डोळ्यांपुढे येते. वेगवेगळ्या सहलींत ते येत नाही.

अठराव्या शतकात या वाटेची दिशा उलटली. आता फौजा पुण्याहून बाहेर निघत होत्या. पहिल्या बाजीरावाच्या काळातले सरदार पिलाजी जाधवराव यांचे घराणे वाघोलीचे. शिक्रापूरहून एक फाटा पाबळकडे जातो. ते गाव मस्तानीला इनाम होते आणि तिची कबरही तिथेच आहे. १७५९ मध्ये नगरचा किल्ला पेशव्यांच्या हाती आला आणि पुण्याहून निजामाकडे जाणारी वाट पक्की झाली. रांजणगावच्या महागणपतीच्या गाभाऱ्याचे काम थोरल्या माधवराव पेशव्यांनी करवले, पुढे इंदूरच्या सरदार किब्यांनी मंदिराचा जीर्णोद्धार केला. देवस्थान त्याहून जुने आहे, श्रद्धाही जुनी आहे. पण पुण्यातल्या राज्यकर्त्याची आणि इंदूरच्या सरदाराची देणगी त्याच देवळाला मिळावी यात मोक्याच्या वाटेचा हात आहे. अष्टविनायकांपैकी हे स्थान रहदारीच्या रस्त्यावर आहे म्हणून राजकीय सत्तेचा ठसाही त्यावर स्पष्ट उमटला.

यानंतर वाट पुन्हा उलटली, आणि ती कशी उलटली हे कळल्याशिवाय जयस्तंभ कळत नाही. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. यशवंतराव होळकरांनी पुणे घेतले होते आणि गादी परत मिळवण्यासाठी पेशव्यांना ईस्ट इंडिया कंपनीची मदत हवी होती. तहाप्रमाणे किमान सहा हजारांची तैनाती फौज पेशव्यांनी आपल्या राज्यात ठेवून घ्यायची आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख कंपनीला द्यायचा असे ठरले. या फौजेचे मोठे ठाणे घोडेकाठी शिरूरला झाले. जागेची निवड नेमकी होती. शिरूर पुण्यापासून सुमारे ६७ किलोमीटर, म्हणजे डोळ्यांत खुपणार नाही इतके लांब आणि बोलावले तर दोन-तीन मजलांत पोहोचता येईल इतके जवळ. नगरचा किल्ला दुसऱ्या बाजूला हाकेवर. पेशव्यांच्या रक्षणासाठी म्हणून आलेली फौज पेशव्यांच्या राजधानीच्या वाटेवर बसली.

त्या तहाला पंधरा वर्षे झाली त्याच तारखेला, ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री साडेआठच्या सुमारास, कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटन शिरूरहून निघाला. त्याच्याबरोबर बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, म्हणजे सुमारे पाचशे पायदळ, पुणे हॉर्सचे तीनशेच्या आसपास स्वार, दोन तोफा आणि मद्रास तोफखान्याचे चोवीस युरोपीय गोलंदाज होते. सगळे मिळून आठशेच्या थोडे वर. तोवर पेशवे आणि कंपनी यांच्यात युद्ध पेटले होते, येरवड्याच्या लढाईनंतर पुणे कंपनीच्या ताब्यात होते आणि तिथला कंपनीचा अधिकारी कर्नल बर बाजीरावाच्या हल्ल्याच्या भीतीने मदत मागत होता. दोन मजलांचे सुमारे चाळीस किलोमीटर अंतर या सैनिकांनी थंडीच्या एका रात्रीत तोडले. सकाळी तळेगाव ढमढेरेजवळच्या उंचवट्यावरून त्यांना भीमेपलीकडे पेशव्यांची अठ्ठावीस हजारांच्या घरातली फौज दिसली. स्टाँटनने नदीच्या अलीकडचे, म्हणजे शिरूरच्या बाजूचे, कोरेगाव धरले. पेशव्यांकडून अरब, गोसावी आणि इतर पायदळ मिळून सुमारे दोन हजार लोक नदी ओलांडून गावावर चालून आले. दिवसभर गावात हातघाई झाली. रात्रभर चाललेल्या शिपायांना दिवसाचा बराच काळ नदीच्या पाण्यापर्यंत पोहोचता आले नाही. भीमा समोर असून ते तहानेने कासावीस झाले होते. रात्री पेशव्यांच्या फौजेने माघार घेतली. कंपनीच्या बाजूचे २७५ जण ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले.

जिंकले कोण, आणि प्रश्न कोणता

या लढाईवर दोनशे वर्षे वाद आहे. कंपनीने तिला विजय म्हटले आणि स्तंभ उभारला. काही इतिहासकार तिला अनिर्णित म्हणतात. रस्त्यावरून पाहिले तर वादाला थोडी शिस्त लागते, कारण रस्ता एक साधा प्रश्न विचारतो: कोण कुठे निघाले होते आणि कुठे पोहोचले? स्टाँटन पुण्याला निघाला होता, तो पुण्याला पोहोचला नाही. २ जानेवारीच्या रात्री कोरेगाव सोडून तो शिरूरला परतला. बाजीरावही पुण्याच्या जवळ आला होता, तोही पुण्यात शिरू शकला नाही. मागून इंग्रजांच्या जनरल स्मिथची फौज येत होती, म्हणून त्याने दक्षिणेची वाट धरली. दोघांचाही प्रवास अपुरा राहिला. फरक पुढच्या महिन्यांत दिसला. पुणे कंपनीच्या हातीच राहिले आणि जून १८१८ मध्ये बाजीराव असीरगडाजवळ इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. पेशवाई कोरेगावात एका दिवसात बुडाली असे म्हणणे जसे चुकीचे, तसे कोरेगावात विशेष काही घडलेच नाही असे म्हणणेही चुकीचे. हजारोंची फौज असूनही पेशव्यांना आठशे माणसांकडून ही ओलांडणी मोकळी करून घेता आली नाही, एवढी गोष्ट निर्विवाद आहे.

स्तंभाचा पाया २६ मार्च १८२१ रोजी घातला गेला. उंची सुमारे ६५ फूट. इंग्रजी आणि मराठीत लेख कोरलेले आहेत आणि कंपनीच्या ४९ मृत सैनिकांची नावे आहेत. त्यांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' हा प्रत्यय आहे. ही महार सैनिकांची नावे. बाकीच्यांत मराठा, राजपूत, मुसलमान, ज्यू आहेत. ज्या काळात अस्पृश्य मानलेल्या माणसाचे नाव कागदावर येणेही दुर्मीळ, त्या काळात ही नावे दगडावर इतरांच्या बरोबरीने कोरली गेली. कोरणाऱ्यांचा हेतू साम्राज्याचा गौरव हाच होता. पण दगडावरचे अक्षर एकदा उमटले की त्याचा अर्थ कोरणाऱ्याच्या ताब्यात राहत नाही.

हे १८९० नंतर दिसले. त्या दशकात इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. ज्यांच्या शौर्याचा स्तंभ उभारला त्यांनाच लढण्यास नालायक ठरवले. गोपाळबाबा वलंगकर आणि त्यांच्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी भरती पुन्हा सुरू करण्यासाठी अर्जविनंत्या केल्या, तेव्हा या समाजाची लष्करी सेवा हाच त्यांचा मुख्य पुरावा होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले. ते स्वतः सुभेदाराचे चिरंजीव. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता. कंपनीची विजयखूण अशा रीतीने समतेच्या लढ्याची साक्ष बनली. दर १ जानेवारीला लाखो लोक इथे येतात ते कंपनीचे आभार मानायला नव्हे, पूर्वजांची नावे वाचायला.

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. स्तंभाला वढू, रांजणगाव, शिरूर यांच्या रांगेत बसवले तर त्याची धार बोथट होणार नाही का? सगळ्यांचा इतिहास एका माळेत ओवताना ज्यांना इतिहासात जागाच नव्हती त्यांचा हक्काचा एकुलता एक दगड पुन्हा गर्दीत हरवणार नाही का? ही भीती अनुभवातून आलेली आहे, म्हणून तिला घाईने उत्तर देऊन चालणार नाही. 'सगळेच आपले' असे म्हणत विषमता झाकण्याची सवय आपल्या समाजाला आहे. पण रस्त्याचे वाचन विषमता झाकत नाही, ती उघडी करते. नुसता स्तंभ पाहणाऱ्याला २२ नावे दिसतात. शिरूरपासून चालत आलेली रात्र ज्याला कळते त्याला त्या नावांमागचे पाय दिसतात. वसईचा तह ज्याला कळतो त्याला हेही कळते की परक्या फौजेला राज्यात बोलावून ठाणे देणारे हात या सैनिकांचे नव्हते, खुद्द पेशव्यांचे होते. 'देशद्रोह' हा शब्द या शिपायांसाठी वापरणाऱ्यांना शिरूरची छावणी उत्तर देते. ती छावणी पेशव्यांच्या सहीने बसली होती आणि त्यांच्याच मुलुखाच्या पैशावर चालत होती. रांगेत ठेवल्याने स्तंभाची साक्ष पातळ होत नाही, भक्कम होते.

दुसरा आक्षेप भूगोलाचा आहे. आजचा महामार्ग म्हणजे १८१८ ची वाट नव्हे. स्टाँटन तळेगाव ढमढेरेच्या बाजूने आला, आजचा रस्ता शिक्रापूर, सणसवाडीवरून जातो. मग एका रस्त्याचा इतिहास असे म्हणायचे तरी कशाला? मुद्दा खरा आहे. डांबराची पट्टी नवी आहे आणि ती अनेकदा सरकली आहे. पण रस्ता म्हणजे डांबर नव्हे. रस्ता म्हणजे दोन शहरांची एकमेकांना असलेली गरज आणि त्या गरजेने निवडलेल्या ओलांडण्या. पुणे आणि नगर यांची गरज टिकली, भीमा आणि घोड यांच्या ओलांडण्या त्याच आसपास राहिल्या. मधल्या वाटा दोन-चार मैल इकडेतिकडे झाल्या तरी रस्ता तोच राहतो, जशी पात्र बदलूनही नदी तीच राहते.

दोन टोकांचे दोन तुरुंग

या वाटेची सलगता एकोणिसाव्या शतकात संपली नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये 'छोडो भारत' आंदोलन सुरू होताच इंग्रज सरकारने नेत्यांना पकडले. महात्मा गांधी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई यांना या रस्त्याच्या पुण्याकडच्या टोकाला, येरवड्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या इतर सदस्यांना नगरच्या किल्ल्यात नेले. १५ ऑगस्ट १९४२ ला महादेवभाईंचा आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबांचा आगाखान पॅलेसमध्येच मृत्यू झाला. त्याच वर्षी नगरच्या किल्ल्यात नेहरूंनी 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले. देशाच्या नेतृत्वाला एकमेकांपासून तोडण्यासाठी निवडलेल्या दोन जागा एकाच रस्त्याच्या दोन टोकांना होत्या, याचे कारण पुन्हा लष्करी भूगोलच. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला तेव्हापासून पुणे, शिरूर, नगर ही कंपनीच्या दख्खनेतल्या ताकदीची साखळी होती. ज्या वाटेने साम्राज्य आले, त्याच वाटेवर त्याचे शेवटचे मोठे तुरुंग उभे राहिले.

शिरूरला मात्र आपण विसरलो. या गावात कर्नल विल्यम वॉलेसची कबर आहे. तो तैनाती फौजेचा अधिकारी, मृत्यू १८०९. जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की आसपासच्या गावांतले लोक त्याला 'सत्पुरुष' म्हणत आणि सुगीच्या दिवसांत नव्या धान्याचा नैवेद्य त्याच्या थडग्यापुढे ठेवत. परक्या फौजेच्या गोऱ्या अधिकाऱ्याला घोडेकाठच्या शेतकऱ्यांनी पीर किंवा म्हसोबा मानावा तसे मानले. ही गोष्ट कोणत्याही बाजूच्या अभिमानात बसत नाही, म्हणून ती कोणी सांगत नाही. पण लोक इतिहासाचा निवाडा कसा करतात हे समजायला तिच्याइतका चांगला पुरावा नाही. सामान्य माणूस झेंडा पाहून पूजा करत नाही, वागणूक आठवून करतो. स्तंभावरची नावे, वढूची समाधी आणि वॉलेसची कबर या तिन्हींमधून एकच गोष्ट दिसते: या परिसरातल्या माणसांनी कोणाला आठवायचे हे स्वतः ठरवले आहे.

इथे तिसरा आक्षेप पुढे येतो. आठवणीच तर भांडणे लावतात. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमा परिसरात हिंसाचार झाला, एका तरुणाचा जीव गेला, घरे-वाहने जळाली, महाराष्ट्रभर पडसाद उमटले आणि सरकारला निवृत्त मुख्य न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमावा लागला. त्याआधीच्या दिवसांत वढू बुद्रुकमध्ये संभाजी महाराजांच्या अंत्यविधीशी जोडलेल्या, महार समाजातल्या गोविंद गोपाळ यांच्या परंपरेच्या फलकावरून तणाव झाला होता. मग रस्त्याने फक्त वाहने वाहावीत आणि इतिहास गप्प बसावा हे बरे नव्हे का? या प्रश्नामागे शांततेची खरी तळमळ आहे. पण नीट पाहिले तर तो तणाव आठवणींच्या भरपूर असण्यातून आला नव्हता. शेजारच्या गावची आठवण आपल्या आठवणीची वैरी आहे, या समजातून तो आला होता. वढू आणि पेरणे यांत जेमतेम काही किलोमीटरचे अंतर. दोन्ही जागांवर जाणारे लोक त्याच फाट्यांवर उतरतात, त्याच हॉटेलांत चहा घेतात. वढूच्या परंपरेत महार समाजाचे नाव आहे आणि स्तंभावरच्या यादीत मराठा नावे आहेत. एका यात्रेत दुसऱ्याचे पूर्वज आधीच हजर आहेत. हे दोन्ही बाजूंना ठाऊक होणे हा शांततेचा पाया आहे, आणि गप्प बसलेला रस्ता ते कधीच सांगणार नाही.

वर उचललेला रस्ता

रस्ता आणि स्मारक यांचे असे ओढाताणीचे नाते जगात इतरत्रही आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागाकडे जाणारा ए-३०३ हा सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता स्टोनहेंजच्या प्राचीन शिळावर्तुळापासून अवघ्या १६५ मीटरवरून जातो. तिथे वाहतूक तुंबते, म्हणून तीन किलोमीटरहून लांब बोगदा खणून रस्ता जमिनीखाली न्यायची योजना वर्षानुवर्षे गाजली. परवानगी मिळाली, न्यायालयाने ती रद्द केली, पुन्हा मिळाली आणि शेवटी २०२४ मध्ये नव्या सरकारने खर्चाचे कारण देऊन योजनाच सोडली. त्या वादात पुरातत्त्वाचे आणि वाहतुकीचे मुद्दे होतेच. पण एक मुद्दा आपल्यासाठी मोलाचा आहे. बोगद्याचे काही विरोधक म्हणत, त्या शिळा तिकीट न काढता, मुद्दाम न येता, रोजच्या प्रवासात पाहणारे असंख्य लोक आहेत. रस्ता खाली नेला तर त्यांचे ते दर्शन कायमचे जाईल. रस्त्यावरून दिसणे हाही सामान्य माणसाचा इतिहासावरचा हक्क आहे, असे त्यांचे सांगणे होते.

आपल्याकडे रस्ता खाली नाही, वर न्यायचा आहे. पुणे ते शिरूर हा पन्नास किलोमीटरहून लांब पट्टा उन्नत करण्याची योजना राज्य सरकारने हाती घेतली आहे. तिची गरज नाकारता येणार नाही. सणसवाडी, शिक्रापूर आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारे लोक रोज कोंडीत अडकतात, अवजड वाहने गावांच्या मधून जातात, अपघात होतात. जिवंत माणसांची सोय दगडांपेक्षा मोठी आहे, हा आक्षेप शंभर टक्के मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे. प्रश्न रस्ता व्हावा की नाही हा नाहीच. तो कसा व्हावा, हा आहे. वरून ताशी शंभरच्या वेगाने जाणाऱ्याला भीमा कुठे ओलांडली हेही कळणार नाही. खांबांच्या रांगेत स्तंभ आणखी एक खांब होऊन बसेल. आणि खाली राहणाऱ्या गावांना रस्त्याची सावली मिळेल, रस्ता मिळणार नाही.

हे टाळण्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. जयस्तंभाच्या आसपास खांबांची जागा आणि उंची ठरवताना स्तंभाचे आकाश मोकळे राहील इतके पाहता येते. भीमा आणि घोड या दोन्ही पुलांजवळ थांबण्याची सुरक्षित जागा आणि त्या ओलांडणीची हकिगत सांगणारा मराठी फलक लावता येतो. फलक मात्र त्या-त्या जागेपुरता नसावा. पेरण्याच्या फलकावर शिरूरचा आणि वसईचा उल्लेख हवा, वढूच्या फलकावर भिंगारचा हवा, आगाखान पॅलेसच्या फलकावर नगरच्या किल्ल्याचा हवा. वॉलेसच्या कबरीची आणि छावणीच्या उरलेल्या खुणांची नोंद, मोजणी आणि जपणूक हवी. शाळांच्या सहली एका स्थळाऐवजी या रस्त्याच्या निघाव्यात, सकाळी येरवडा आणि संध्याकाळी नगर. फलकांवरचा मजकूर इतिहासकारांनी दोन्ही काठांच्या गावकऱ्यांना बरोबर घेऊन लिहावा, म्हणजे तो कोणाच्या अंगावर येणार नाही.

एका बाबतीत मात्र हा रस्ता आजही स्वतःचा इतिहास ओळखतो. दरवर्षी ३१ डिसेंबरपासून १ जानेवारीपर्यंत पुणे-नगर मार्गावरची अवजड वाहतूक चाकणच्या आणि इतर वाटांनी वळवली जाते. एरवी ज्या पुलावरून ट्रकांची रांग हटत नाही, तिथून लोक पायी चालत स्तंभाकडे येतात. शिरूरहून निघालेल्या त्या पलटणीची तारीखही तीच होती, आणि तीही पायीच आली होती. वर्षातला हा एक दिवस सोडला तर उरलेले दिवस वाहनांचेच राहणार आणि राहावेतही. पण पुलावर चढताना खालून वाहणारी नदी भीमा आहे, अलीकडे पेरणे आहे, पलीकडे कोरेगाव आहे आणि ही ओलांडणी कोणी कोणी रक्त सांडून ओलांडली, एवढे तरी रोजच्या प्रवाशाला कळले पाहिजे. नवा रस्ता बांधणाऱ्यांनी तेवढी जागा त्यात ठेवावी.